नकाशात आमचा झिरा कुठे?



गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात ग्रामसभा भरली होती. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेले, जंगलाचा कारभार आता गावानेच करायचा, म्हणून त्याचा आराखडा बनवण्याचं काम चालू होतं. गावातल्या तीन शिकलेल्या मुलांनी मोबाइल हातात घेऊन आठ दिवस जंगल पालथं घातलं आणि एक छान रंगीत नकाशा तयार केला. तालुक्याला जाऊन तो फ्लेक्सवर छापून आणला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर टांगला. जंगल हिरवं, नाला निळा, गावाची शीव लाल, बांबूचं क्षेत्र पिवळं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या मुलांना मोबाइलवर नकाशा करायला शिकवलं होतं मीच.

मागे बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून एक आजी उठल्या, भिंतीपाशी गेल्या, बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि वळून म्हणाल्या, "सारं दिसते यात. पण आमचा झिरा कुठं हाये?"

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत हाताने उकरून काढलेला पाण्याचा खड्डा. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका ऊन चढेपर्यंत जंगलात असतात. त्यांचं पिण्याचं पाणी तेच. मुलांना हा झिरा माहीत नव्हता, कारण मोह वेचायला ती कधी गेलीच नव्हती. आजींनी तोंड उघडल्यावर बाकीच्याही बोलू लागल्या. चारोळीची झाडं कुठे आहेत? पत्रावळीची पानं आणतो ती बाजू कुठे आहे? आणि शेवटी एकीने बोट ठेवलं ते नकाशातल्या तिरक्या रेघांवर. त्या भागात तीन वर्षं चराई आणि तोड बंद ठेवायची, असं आराखड्यात लिहिलं होतं. खालच्या टोल्यातल्या झाडून साऱ्या घरांचं सरपण त्याच उतारावरून येत होतं. "मग चूल कशावर पेटवायची?" या प्रश्नाला समितीकडे उत्तर नव्हतं. कारण तो प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

आजींनी प्रश्न विचारला नसता, तर पाच मिनिटांत तो आराखडा एकमताने मंजूर झाला असता. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. या संपादकीयात त्याबद्दलच लिहायचं आहे.

नकाशा ही तशी आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याची गोष्ट वाटत नाही. दारू, हुंडा, मारहाण, मजुरी यांवर आपण भरभरून लिहितो. पण जंगलात राहणाऱ्या माणसांचं आयुष्य गेली दीडशे वर्षं नकाशांनीच ठरवलं आहे. १८७८च्या आणि पुढे १९२७च्या वन कायद्याने जंगलं राखीव आणि संरक्षित अशी वाटली गेली. साहेबाच्या नकाशावर रेघ ओढली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचणारी बाई एका रात्रीत स्वतःच्याच जंगलात चोर ठरली. नकाशा सरकारी कपाटात. गावाला तो बघायलाही मिळायचा नाही. पुढे स्वातंत्र्य आलं, पण कपाटाची किल्ली तिथंच राहिली.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. डोक्यावरच्या आणि खांद्यावरच्या ओझ्यापलीकडे जंगलावर आपला काही हक्क आहे, हे पहिल्यांदा कागदावर आलं. या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी दिल्या. एक म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क, आणि तोही नवरा-बायको दोघांच्या संयुक्त नावाने. दुसरी म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा सामूहिक हक्क. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. २०११ साली तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबू-वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक आलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगल मिळालं. त्या गावाने बांबूचा कारभार हाती घेतला आणि तेंदूपत्ता तोडणं मात्र आपणहून बंद केलं, कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि फळं जातात. आज गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक हक्काचे कागद आहेत.

कागद मिळाले, पण त्यावरची हद्द जागेवर कुठून कुठे जाते? कुठे तोड करायची, कुठे थांबायचं, आग कुठे लागते, पाणी कुठे टिकतं? कारभार करायचा म्हटला की नकाशा लागतोच. आणि इथे साधा, स्वस्त मोबाइल कामाला आला.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आकाशात जीपीएसचे उपग्रह फिरत असतात आणि सतत संदेश पाठवत असतात. आपला फोन ते नुसते ऐकतो. चार उपग्रहांचे संदेश नीट ऐकू आले की आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभ्या आहोत, ते तो काढतो. यासाठी रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य माणसांसाठीचे हे संदेश मुद्दाम ढोबळ करून सोडत असे. तो अडसर निघाला आणि मग ही सोय घरोघर पोहोचली. भारतातही नकाशे बनवण्यावरचे पूर्वपरवानगीचे बरेचसे निर्बंध फेब्रुवारी २०२१ मध्ये उठले. घरी किंवा तालुक्याच्या गावी रेंज असताना नकाशा उतरवून घ्यायचा, जंगलात फोन विमान-मोडवर टाकून बॅटरी वाचवायची, आणि चालायचं. ओस्मअँड, ऑर्गॅनिक मॅप्स अशी फुकट साधनं आहेत. चाललेली वाट फोन आपोआप रेखत जातो. झाडापाशी, पाण्यापाशी थांबून खूण करायची, नाव द्यायचं, फोटो जोडायचा. माहिती भरून घेण्यासाठी कोबो टूलबॉक्ससारखी साधनंही आहेत आणि त्यांत प्रश्न मराठीत लिहिता येतात. जे काम करायला पूर्वी मोजणीदार आणि महागडं यंत्र लागायचं, ते आता सातवी शिकलेली मुलगी करू शकते. मी तिला ते करताना पाहिलं आहे.

मग चुकलं कुठे?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला गावनकाशा शिकवला होता. 'सहभागी पद्धत' हा त्या वेळचा परवलीचा शब्द. चौकात जमीन सारवायची, रांगोळी, कोळसा, बिया, पानं घ्यायची आणि लोकांनी आपलं गाव जमिनीवर मांडायचं. पुढे खेड्यात काम करताना मी असे कितीतरी नकाशे बायकांकडून करून घेतले. एक जण विहीर मांडायची, दुसरी तिला म्हणायची, "अगं, नाला त्या अंगाला आहे, सरक." भांडणं व्हायची, हसू व्हायचं. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा काठीने रेघ पुसून नवी ओढू शकायची. तो नकाशा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा आणि त्यात हात घालायला कुणाची परवानगी लागत नसे.

मोबाइलचा नकाशा चार बोटं रुंदीच्या काचेवर असतो. ज्याच्या हातात फोन, त्यालाच तो दिसतो. बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकवायचं. गावात तो हात बहुतेक वेळा पुरुषाचा असतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच निघाल्या. आणि साधा फोन व स्मार्टफोन यांत आणखी फरक. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. बायकोला तो मिळतो दुपारी, तोही चार्जिंग संपत आल्यावर.

मी काय केलं? आराखड्याची मुदत जवळ आली होती. मुलांकडे फोन होते, मुलं पटकन शिकत होती, मी त्यांना शिकवून मोकळी झाले. बायकांना नंतर शिकवू, असं मनात होतं. हे 'नंतर' आपल्या चांगल्याच ओळखीचं आहे. स्वातंत्र्य आधी, बायकांचं नंतर. संप आधी, बायकांचं नंतर. नांगर, ट्रॅक्टर, पंप, जे जे नवं हत्यार आलं, ते ते आधी पुरुषाच्या हातात गेलं आणि त्याबरोबर निर्णयही गेला. आयुष्यभर हे ज्यांना सुनावत आले, त्यांच्याच रांगेत मी नकळत जाऊन उभी राहिले होते.

त्या ग्रामसभेनंतर आम्ही पुन्हा चाललो. पाच बायका, दोन फोन, तीन दिवस. दोनपैकी एक फोन माझा. दुसरा एका सुनेने नवऱ्याकडून मागून आणलेला, संध्याकाळी पाचच्या आत परत करायच्या बोलीवर. आधी मी अंगणात शिकवायला बसले. अर्ध्या तासात लक्षात आलं, की शिकवायचं फारसं नाहीच. काच पुसायची, खूण करायची, नाव बोलायचं. लिहिणं जमत नव्हतं तिथे त्यांनी आवाज भरला. गोंडी नावं गोंडीतच राहिली.

संध्याकाळी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. मुलांची वाट शिवेच्या कडेकडेने, पहारा दिल्यासारखी गोल फिरलेली. बायकांच्या वाटा टोल्यापासून जंगलात शिरणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. हीच ती रोजची ये-जा. झिरा आला. चारोळी आली. हिरडा, बेहडा, आवळा आला. पावसाळ्यात सात्या निघतात ती वारुळं आली. एकेका मोहाच्या झाडाला घराचं नाव होतं. कुठलं झाड कुणी वेचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, कुठेही न लिहिलेलं. दोन विधवा बायकांची झाडं दिरांनी हळूहळू आपल्या नावावर सांगायला सुरुवात केली होती. चारचौघींच्या साक्षीने ती नकाशावर त्यांच्या नावाने लागली. त्या दिवशी त्यांतली एक जण नुसती फोनकडे पाहत बसली होती.

आणखी एक गोष्ट दिसली. गेल्या उन्हाळ्यातल्या आगीच्या जागा बायकांनी दाखवल्या. त्यांतल्या बऱ्याच मोहाखालच्या होत्या. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा सुटला की आग पसरते. बाहेरून येणारे अधिकारी यावर बायकांना बोल लावून मोकळे होतात. बायकांनी मात्र नकाशा समोर ठेवून उपाय काढला. कुठल्या झाडांखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरता येतील, कुठे पाला नुसता झाडून बाजूला करता येईल, जाळरेषा कुठून काढली तर कामाची, हे त्यांनीच ठरवलं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या वणव्याची सूचना मोबाइलवर पाठवते. नाव नोंदवलं की ती सामान्य माणसालाही मिळते. पण उपग्रहाचा एक ठिपका कमीत कमी पावणेचारशे मीटरचा असतो. त्या ठिपक्यात नेमकी आग कुठे, कुठल्या वाटेने लवकर पोहोचता येईल, हे त्या वाटेने रोज जाणारीच सांगू शकते. नव्या यादीत आता तिघा पुरुषांबरोबर तीन बायकांचेही नंबर आहेत.

आणि तो बंदीचा उतार? बायकांनी बंदीला विरोध केला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. उतार उघडा पडत चालला आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, कारण दर वर्षी मोळीसाठी त्यांनाच अधिक लांब जावं लागत होतं. त्या एवढंच म्हणाल्या की एकदम सगळा बंद करू नका. अर्धा तीन वर्षं, मग उरलेला अर्धा. आणि वाळलेलं, पडलेलं लाकूड उचलायला मोकळीक ठेवा. ग्रामसभेने ते मान्य केलं. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनसमित्यांचा अभ्यास करून २०१० साली पुस्तक लिहिलं. त्यांनी नेमकं हेच दाखवलं आहे. पुरुषांच्या समित्या जंगल बंद करतात, तेव्हा सरपणाचा भार बायकांच्या पायांवर पडतो. आणि समितीत बायकांचं प्रमाण पाव ते एक तृतीयांश झालं, की त्या बोलू लागतात आणि जंगलही सुधारतं. एखाद-दुसरी बाई नावापुरती बसवून ते होत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की बायकांच्या हाती मोबाइल दिला की झालं. तसं नाही. या साधनाचे धोके कळल्याशिवाय ते हाती घेऊ नये.

पहिला धोका मोजणीचा. फोन उघड्या आभाळाखाली साधारण तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. दाट झाडीखाली, दरीत ही चूक दहा मीटरच्याही पुढे जाते. हजार हेक्टर जंगलाच्या हद्दीत पाच मीटरने फार बिघडत नाही. सगळीकडे रेघ पाच मीटर आत सरकली, तरी सहा-सात हेक्टर कमी भरतील. पण एका एकराच्या चौकोनी तुकड्याचं बघा. चारी बाजूंनी रेघ पाच मीटर आत सरकली, तर चाळीस गुंठ्यांचे अठ्ठावीस होतात! एवढी चूक एकाच दिशेने सहसा होत नाही, पण होऊ शकते. आणि एवढेसे तुकडे कुणाचे असतात? एकट्या बाईचे, विधवेचे, टाकलेलीचे. म्हणून शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर घाई न करता चार-पाच मिनिटं थांबावं, फोन पिशवीत न ठेवता हातात उंच धरावा, शक्यतो सागाची पानगळ झालेली असताना मोजावं, दोन वेगळ्या दिवशी मोजावं आणि सोबत दोरीने किंवा टेपनेही मोजून ठेवावं. एका बाईच्या शेताची मोजणी अशी दुसऱ्यांदा केली, तेव्हा पहिल्या आकड्यात पाच गुंठ्यांचा फरक निघाला. पहिल्या वेळी मोजणाऱ्याला दुपारची बस पकडायची होती.

दुसरा धोका, यंत्र सांगतं तेच खरं मानण्याचा. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही, म्हणून दावा फेटाळला, असं अनेक ठिकाणी झालं. वास्तविक २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की उपग्रहाची चित्रं आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला जोड म्हणून घेता येईल, इतर पुराव्यांची जागा त्याला देता येणार नाही. म्हाताऱ्या माणसांचं कथन, जुनी थडगी, देवस्थानं, निस्तार पत्रक हे सगळे पुरावे आहेत. फोनची खूण ही आजींच्या शब्दाला आधार देण्यासाठी आहे, तो शब्द खोडण्यासाठी नाही.

तिसरा धोका साधा आहे, पण रोजचा. दुसऱ्या एका गावात सगळा नकाशा एका मुलाच्या फोनमध्ये होता. तो मिरची तोडायला तेलंगणात गेला. फोन त्याच्याबरोबर गेला, तिथे पाण्यात पडला आणि गावाच्या दोन महिन्यांच्या कष्टांवरही पाणी पडलं. नकाशा गावाचा असेल, तर त्याची प्रत ग्रामसभेच्या दप्तरात हवी. एक संगणकावर, एक कागदावर आणि एक वहीत, खुणांचे क्रमांक व गावची नावं लिहून. वही भिजली तरी वाळवता येते.

चौथा धोका सर्वांत गंभीर. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वाघांच्या नोंदीसाठी जंगलात कॅमेरे लावले होते, ड्रोन उडत होते. त्यांचा वापर बायकांवर नजर ठेवण्यासाठी, त्यांना घाबरवून जंगलाबाहेर काढण्यासाठी झाला. शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि तो स्थानिक व्हॉट्सॲप गटांवर फिरवला गेला. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. तिथल्या बायका लाकडं गोळा करताना मोठ्याने बोलत, गात, म्हणजे जनावर दूर राहतं. कॅमेरे आल्यापासून त्या गप्प झाल्या. जंगलात गप्प राहणं जिवावर बेतू शकतं, हे आमच्या भागातल्या बायकांना सांगावं लागत नाही. इथेही मोहाखाली अस्वल येतं, वाघाचे हल्ले होतात.

घराच्या उंबऱ्यात नाही, ते मोकळेपण कित्येकींना जंगलात मिळतं. तिथे सासू नसते, नवरा नसतो. मनातलं बोलता येतं, रडता येतं, हसता येतं. त्या जागाही नकाशावर आणायच्या का? मी हे बायकांना विचारलं. त्या आपसात गोंडीत बरंच बोलल्या. मग त्यांनी तीन जागा पुसायला सांगितल्या. अंघोळीचा डोह एक. एक औषधी कंदाची जागा, बाहेरच्या व्यापाऱ्यांना कळली तर वर्षात उजाड होईल अशी. तिसरी कशाची, ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वाघाचे पंजे दिसले त्या जागाही फक्त गावात सांगायच्या, बाहेर पाठवायच्या नाहीत, असं ठरलं. शिकारीही फोन वापरतात.

काय लिहायचं हे ठरवण्याइतकाच, काय लिहायचं नाही हे ठरवणं हासुद्धा हक्क आहे. तो कायद्याच्या कुठल्या कलमात नसला तरी आपण तो गृहीत धरला पाहिजे.

वनहक्काच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून काही गोष्टी ठेवते. एक, नकाशासाठी चालणाऱ्या प्रत्येक गटात निम्म्या बायका असाव्यात आणि निदान एक फोन पूर्ण वेळ त्यांच्या हातात असावा. तो ग्रामसभेच्या पैशातून घ्यावा, म्हणजे पाचच्या आत परत करायला लागणार नाही. दोन, फोनमधला नकाशा मंजुरीआधी जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर सगळ्यांसमोर मांडावा, आणि ज्याला-जिला वाटेल त्याला-तिला तो पुसून बदलता यावा. तीन, हा नकाशा ज्या ग्रामसभेत मंजूर होईल, तिथे उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. हे कायद्याच्या नियमातच आहे, आपल्याला ते फक्त पाळून घ्यायचं आहे. सह्या घरोघर फिरून गोळा करणं म्हणजे उपस्थिती नव्हे. चार, बंदी, तोड, लागवड यांचा प्रत्येक निर्णय घेताना 'यामुळे सरपणाची वाट किती लांबेल?' हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा. पाच, नकाशा बाहेर कुणाला द्यायचा, त्यातलं काय द्यायचं, हे बायकांच्या बैठकीशिवाय ठरू नये.

यात अवघड काही नाही. अवघड आहे ते आपलं 'नंतर' सोडणं. मुदत जवळ आली, निधी संपत आला, अहवाल पाठवायचा आहे, अशी कारणं पुढेही येतच राहतील. मला ती कारणं खरी वाटली होती, म्हणून तर हे लिहिते आहे.

त्या गावात आता फ्लेक्सचा नवा नकाशा लागला आहे. पहिल्याइतका देखणा नाही. वाटांची गर्दी झाली आहे, नावं एकमेकांवर चढली आहेत. मागच्या खेपेला गेले तेव्हा आजी तो कुणा पाहुणीला दाखवत होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. झिऱ्याच्या निळ्या ठिपक्यावर त्यांनी बरोबर बोट ठेवलं. एवढ्या बोटांनी एवढ्यांदा दाखवून झालं आहे, की त्या जागेचा रंग आता फिका पडला आहे.

तुमच्या भागात असे नकाशे होत असतील, तर कोण चालतं, कोण फोन धरतं, काय राहून जातं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून तरी लिहवून पाठवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.